डिग्रीच्या पहिल्या वर्षाला विषय कुठले घ्यायचे : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींसाठी

पीयूसी सेकंडचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की खानापुरात माझ्या ऑनलाइन सेंटरवर पोरांची गर्दी सुरू होते, मार्क्स कार्ड, कास्ट-इन्कम, आधार, फोटो सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून येतात. नाव, बापाचं नाव, पत्ता इथपर्यंत फॉर्म फटाफट होतो. मग यूयूसीएमएसच्या, म्हणजे कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या ॲडमिशन-परीक्षेच्या साइटवर कॉम्बिनेशन, म्हणजे विषयांचा गठ्ठा, निवडायचा कॉलम उघडतो आणि पोरगं गप्प होतं. मागं उभ्या असलेल्या दोस्ताकडं बघतं, "तू काय टाकलास रे?" विचारतं, आणि तो जे सांगेल तेच मला सांगतं. दीड मिनिटात तीन वर्षं ठरतात. हे इतक्या वेळा डोळ्यासमोर झालंय की आता राहवत नाही, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

मला सांगायचंय ते एकच, विषय पुढून मागं निवडा. म्हणजे तीन वर्षांनी तुम्हाला कुठल्या दारात जाऊन उभं राहायचंय ते आधी बघा, त्या दारावर काय अट लिहिलीय ती वाचा, आणि मग पहिल्या वर्षाला काय घ्यायचं ते ठरवा. आणि काय करायचंय ते अजून ठरलं नसेल, अठराव्या वर्षी बहुतेकांचं ठरलेलं नसतंच, तर निदान असा विषय सोडू नका जो सोडला की परत मिळत नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बीएला ॲडमिशन घेतलं तेव्हा आमची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती, बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० ला झालं. बसमधले तिघे मित्र हिस्ट्री, सोशॉलॉजी, पॉलिटिकल सायन्स घेणार होते म्हणून मी पण तेच घेतलं. पीयूसीला माझा इकॉनॉमिक्स चांगला होता, पण "आकडेमोड नको रे बाबा" असं एकानं म्हटलं आणि मी सोडला. शेवटच्या वर्षाला आल्यावर पेपरात बँका, सहकारी सोसायट्या, ऊसाचा भाव हे सगळं वाचून वाचून मला त्यातच गोडी लागली आणि इकॉनॉमिक्समध्ये एमए करायचं डोक्यात बसलं. चौकशीला गेलो तर खिडकीतल्या माणसानं मार्क्स कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि सांगितलं, डिग्रीला इकॉनॉमिक्स ऑप्शनल पाहिजे, तुझं नाही. तेवढंच बोलून त्यानं पुढच्याला बोलावलं. माझ्या मार्कांत काही कमी नव्हतं, विषयच नव्हता. तीन वर्षांपूर्वी बसमध्ये घेतलेल्या निर्णयाचं उत्तर त्या दिवशी मिळालं.

आता सध्याची व्यवस्था काय आहे ते बघूया, कारण निम्मा गोंधळ तिथंच आहे. कर्नाटकानं २०२१-२२ ला नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, म्हणजे एनईपी, डिग्रीला लागू केलं. त्यात चौथ्या वर्षाचा ऑनर्स होता, मधेच सोडलं तर सर्टिफिकेट नाहीतर डिप्लोमा, ओपन इलेक्टिव्ह म्हणून दुसऱ्याच शाखेतला एखादा विषय, असं बरंच काही होतं. मग राज्यात सरकार बदललं, २०२३ ला यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचं स्वतःचं धोरण ठरवायला आयोग नेमला गेला, आणि त्यांच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून परत तीन वर्षांची डिग्री आली. ह्याला सगळे एसईपी, म्हणजे राज्य शैक्षणिक धोरण, म्हणतात. म्हणून तुमची ताई किंवा दादा २०२२ ला डिग्रीला लागला असेल तर त्याचा अभ्यासाबद्दलचा सल्ला जरूर घ्या पण विषय निवडीबद्दलचा जसाच्या तसा घेऊ नका, त्याच्या वेळचा साचाच वेगळा होता.

आताच्या साच्यात बीएला आणि बीएस्सीला तीन मुख्य विषय असतात, तिन्ही सारख्या वजनाचे, आणि पुढं तिसऱ्या वर्षी त्यातल्या एकात स्पेशलायझेशन करायचा मार्ग, कॉलेजनं ठेवला असेल तर. त्याच्या जोडीला दोन भाषा. वर संविधानासारखे सक्तीचे छोटे पेपर, त्यात निवडायला काही नसतं, सगळ्यांना तेच. बीकॉम, बीबीए, बीसीएला पहिल्या वर्षी निवड जवळजवळ भाषेपुरतीच, बाकीचे पेपर ठरलेले असतात. म्हणजे खरी डोकेफोड बीए आणि बीएस्सीवाल्यांची, आणि भाषेची सगळ्यांची.

तीन विषयांचा गठ्ठा मिळतो, सुटे विषय मिळत नाहीत, हे पण लक्षात घ्या. हॉटेलातल्या थाळीसारखं आहे ते, भाजी आवडली नाही म्हणून दुसऱ्या थाळीतली मागता येत नाही. कॉलेजकडं त्या विषयाचे मास्तर आहेत, लॅब आहे, टाइमटेबलमध्ये दोन तास एकमेकांवर पडत नाहीत, ह्यावरून गठ्ठे बनतात. त्यामुळं बेळगावातल्या एका कॉलेजात मिळणारं कॉम्बिनेशन खानापूरच्या नाहीतर चिक्कोडीच्या कॉलेजात मिळेलच असं नाही. कॉलेज आधी ठरवून मग तिथं जे आहे ते घ्यायचं, ही आपल्याकडची रीत आहे, आणि मला वाटतं चुकीचं वळण तिथंच लागतं.

बीएस्सीचं बघूया कारण तिथं दारं सगळ्यात पटापट बंद होतात. पीसीएम म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. पीएमसीएस म्हणजे फिजिक्स, मॅथ्स, कॉम्प्युटर सायन्स. सीबीझेड म्हणजे केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी. पीयूसीला पीसीएमबी, म्हणजे पीसीएम आणि बायॉलॉजी, केलेल्या पोराला हे तिन्ही उघडे असतात, पण एकदा सीबीझेडमध्ये गेलं की गणित सुटलं. एमएस्सी मॅथ्सला जायचं तर डिग्रीला गणित पाहिजे, हायस्कूलला गणिताचा शिक्षक व्हायचं तर डिग्रीला गणित पाहिजे. एमसीएला थोडी सवलत आहे, बीसीए केलेलं असेल नाहीतर पीयूसीला किंवा डिग्रीला कुठंतरी गणित असेल तरी चालतं. केमिस्ट्री मात्र पीसीएममध्ये पण आहे आणि सीबीझेडमध्ये पण आहे, म्हणून एमएस्सी केमिस्ट्रीचा विचार असेल तर दोन्हीकडून वाट राहते. गणिताचं तसं नाही. गणित हा असा विषय आहे की तो एकदा सुटला की डिग्रीनंतर परत पकडायला जवळजवळ कुठंच जागा मिळत नाही, म्हणून ज्याला गणित जमतं त्यानं केवळ आळसापायी ते सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. जांबोटीकडची एक पोरगी वडिलांबरोबर आली होती. वडील दारातच उभे, चपला बाहेर काढून, आत या म्हटलं तरी येईनात. पोरीचं मार्क्स कार्ड बघितलं तर गणितात भरभक्कम मार्क. म्हणाली, "काका, सीबीझेड टाका." मी विचारलं, पुढं काय करायचं ठरवलंयस? तर म्हणते कशी, "मी आमच्या हायस्कूलला गणिताचा टीचर होतो." आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, येतो, जातो, होतो. मी खुर्ची तिच्याकडं वळवली आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हटलं, बाळ, ह्या तीन अक्षरांत गणित कुठं आहे ते मला दाखव. तिनं सी बघितला, बी बघितला, झेड बघितला आणि तिचा चेहराच पडला. तिला वाटत होतं बीएस्सी केली की गणित असतंच. मैत्रीण सीबीझेड घेणार होती आणि दोघींना एकाच बसनं जायचं होतं, एवढंच कारण.

मग वडील आत आले. त्यांचा प्रश्न मात्र एकदम नेमका होता, "पीसीएम घेतलं तर पोरीला घरी यायला किती वाजतील?" ह्या प्रश्नाकडं कुणी लक्ष देत नाही पण आपल्या भागात तोच मोठा आहे. सायन्सच्या तीन विषयांना लॅब असते, दुपारच्या बॅचचं प्रॅक्टिकल संपून सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मोठ्या बसस्टँडवर, यायचं, तिथून खानापूर, खानापुरातून पुढं गावाची गाडी, आणि पावसाळ्यात त्या रस्त्याला काय होतं ते त्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकापोरींना राज्याच्या साध्या बसला तिकीट नाही, त्यामुळं पैशाचा प्रश्न हलका झाला, वेळेचा नाही झाला. आम्ही तिथंच बसून कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला, फर्स्ट सेमच्या लॅबच्या बॅच सकाळी मिळतात का विचारलं, तर म्हणाले लांबच्या पोरांनी अर्ज दिला तर बॅच बदलून देतो. एका फोनमध्ये काम झालं. पोरीनं वडिलांकडं बघितलं, वडिलांनी मान हलवली, मी पीसीएम टाकलं.

बीएचं गणित (हा शब्द इथं वेगळ्या अर्थानं) थोडं सैल आहे पण नियम तोच. ज्या विषयात एमए करायचं असेल तो विषय तीनमध्ये असू द्या. बीएड करायचं असेल तर शाळेत जो विषय शिकवला जातो तो तीनात असला पाहिजे, आणि इथं बरीच पोरं फसतात, सोशॉलॉजी आणि सायकॉलॉजी हे विषय चांगलेच आहेत पण हायस्कूलच्या टाइमटेबलमध्ये त्या नावाचा तास नसतो. हिस्ट्री, जिओग्राफी, पॉलिटिकल सायन्स, इकॉनॉमिक्स ह्यातला एखादा जोडीला असला की सोशल सायन्सचा शिक्षक म्हणून उभं राहता येतं, भाषेचा शिक्षक व्हायचं तर ती भाषा तीन मुख्य विषयांत घेता येते का ते विचारा. उलट ज्यांना यूपीएससी, बँक, एमबीए, तीन वर्षांचं एलएलबी ह्यापैकी काही करायचंय त्यांना कुठल्याही विषयाची डिग्री चालते, म्हणून "यूपीएससीला लागतंय" म्हणून नावडता विषय घेऊन तीन वर्षं कुढत बसायची गरज नाही. तिथं आवडीचा घ्या, मार्क पण पडतील.

क्रेडिट ह्या शब्दाला पोरं घाबरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. क्रेडिट म्हणजे त्या पेपरचं वजन. आठवड्याला एक तास थिअरी, सेमिस्टरभर मिळून साधारण १५ तास, म्हणजे १ क्रेडिट, प्रॅक्टिकलला त्याच्या दुप्पट म्हणजे ३० तास बसलं की १ क्रेडिट. आता हे वजन कुठं चावतं बघा. समजा एका ५ क्रेडिटच्या मुख्य विषयात तुम्हाला ६ ग्रेड पॉइंट पडले आणि एका २ क्रेडिटच्या छोट्या पेपरात ९ पडले. पोरं म्हणतात सरासरी साडेसात. तसं नाही. पाच सक तीस, दोन नव्वे अठरा, मिळून अठ्ठेचाळीस, त्याला एकूण ७ क्रेडिटनं भागा, ६.८६ येतं. म्हणजे छोट्या पेपरात कितीही चमकलात तरी मोठा विषय तुम्हाला आपल्याकडं खाली ओढतो. म्हणून तीन मुख्य विषयांतला एखादा केवळ "ॲडजस्ट करू" म्हणून घेतला तर तो दर सेमिस्टरला तेवढ्याच वजनानं मानगुटीवर बसतो. छोटा पेपर नावडता असला तरी निभतो, मुख्य विषय निभत नाही.

आता भाषा. ह्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

दोन भाषांपैकी एक बहुतेक सगळे इंग्लिश घेतात. दुसरी मराठी की कन्नड की हिंदी, इथं घराघरात वाद होतात. एकजण म्हणतो कन्नड घे, नोकरी इथंच करायचीय. दुसरा म्हणतो आपली भाषा सोडायची नाही. मला दोघांचं पटतं आणि म्हणूनच मी पोरांना सांगतो की वर्गात शिकायची भाषा आणि कामाला लागणारी भाषा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकातल्या बऱ्याच सरकारी भरतीत एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा नसेल तर वेगळी कन्नड परीक्षा पास व्हावी लागते, म्हणजे डिग्रीला कन्नड घेतलं की ते आपोआप सुटतं असं समजू नका, त्या त्या जाहिरातीत काय लिहिलंय ते वाचा. बँकेच्या क्लार्कचं तर अजून सरळ आहे, ज्या राज्यासाठी अर्ज कराल तिथली भाषा लिहिता, वाचता, बोलता आली पाहिजे. आता विचार करा, आपल्या पोरांना मराठी घरातूनच येते आणि कन्नड बाजारात, बसमध्ये, ऑफिसात रोज कानावर पडतं. ज्यानं दोन्ही नीट लिहायला शिकून घेतल्या त्याला ह्या वर्षी कर्नाटकातून आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून अर्ज करता येतो. तसंच महाराष्ट्र सरकारनं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जोडला की महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो, आपलं गाव त्या यादीत आहे की नाही एवढं घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा.

माझं मत विचाराल तर ज्याचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय त्यानं डिग्रीला मराठी घ्यावी आणि कन्नड वाचन-लेखन बाजूनं रोज अर्धा तास करावं. पहिल्या सेमला सगळी पुस्तकं इंग्लिशमध्ये अंगावर येतात, निदान एका तासाला पोरगं मान वर करून बसतं, प्रश्न विचारतं, ह्याचा फायदा मार्कांच्या पलीकडचा आहे. आणि दुसरं, वर्गात पोरंच नसली की त्या विषयाचा मास्तर टिकत नाही, मास्तर गेला की पुढच्या वर्षीच्या पोरांना तो पर्यायच राहत नाही. पण ज्याला कन्नडमध्ये खरंच पुढं जायचंय, वकिली इथल्या कोर्टात करायचीय, त्यानं कन्नड घ्यावं आणि त्यात कुणी नावं ठेवायचं कारण नाही.

निपाणीकडच्यांचा गोंधळ अजून वेगळा. निपाणी कर्नाटकात, गावातलं बागेवाडी कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली. गावाला लागूनच अर्जुननगर, तिथलं देवचंद कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाखाली. एकाच घरातली दोन भावंडं दोन राज्यांच्या दोन साच्यांत शिकू शकतात. इकडं तीन विषय सारख्या वजनाचे आणि तीन वर्षं. तिकडं एनईपी चालू आहे, म्हणजे एक मेजर, त्याच्या जोडीला मायनर, वर ओपन इलेक्टिव्ह आणि कौशल्याचे पेपर, सेमिस्टरला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांची डिग्री १३२ ला आणि चौथ्या वर्षाचा ऑनर्स १७६ ला. तीन वर्षांची डिग्री केली तर एमए-एमएस्सी दोन वर्षांचं, चार वर्षांचा ऑनर्स केला तर पुढं एका वर्षाचा मार्ग, एकूण वर्षं दोन्हीकडं पाचच. म्हणून "तिकडं चार वर्षं वाया जातात" नाहीतर "इकडची डिग्री कमी दर्जाची" हे दोन्ही मनातून काढा. फरक आहे तो असा, ज्याला एक विषय नक्की ठाऊक आहे त्याला मेजर-मायनरचा साचा बरा पडतो, ज्याचं ठरलेलं नाही त्याला तीन सारख्या विषयांचा, कारण तीन दारं जास्त काळ उघडी राहतात. मधेच एका बाजूचं सोडून दुसऱ्या बाजूला जायचं मात्र जपून, क्रेडिट डिजिलॉकरला जोडलेल्या अकॅडमिक बँकेत जमा दिसले तरी समोरचं कॉलेज त्यातले कुठले मानून घेतं ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

कॉलेजात चौकशीला जाल तेव्हा प्रॉस्पेक्टस आणून घरी ठेवू नका, माणसांना विचारा. त्या विषयाला कायमचे सर आहेत की गेस्ट लेक्चरर, आणि गेस्ट असतील तर मागच्या वर्षी ते कधी रुजू झाले. हे फार महत्त्वाचं आहे, गेस्ट लेक्चररची नेमणूक उशिरा झाली की अर्ध्या सेमला वर्गच होत नाहीत आणि पोर्शन शेवटच्या तीन आठवड्यांत पळवला जातो. हिस्ट्रीचा तास वर्गात कुठल्या भाषेत होतो, पेपर कुठल्या भाषेत लिहिता येतो, हे विचारायला लाजू नका, मराठी माध्यमातून आलेलं पोर कन्नडमधल्या लेक्चरला चार महिने नुसतं बसून असतं आणि घरी सांगत नाही. सेकंड इयरची दोन पोरं कॅन्टीनला गाठा, प्रिन्सिपॉलपेक्षा ती खरं सांगतात.

आणि चुकलंच तर? क्लास सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे विषय बदलायला बहुतेक कॉलेजं मुभा देतात, जागा असेल तर. साध्या कागदावर प्रिन्सिपॉलच्या नावानं अर्ज, जुनं कॉम्बिनेशन, नवं कॉम्बिनेशन, कारण एका ओळीत, पालकांची सही, आणि ऑफिसातून पोच घ्या, नुसतं तोंडी सांगून येऊ नका. मग आठ दिवसांनी यूयूसीएमएसवर आपल्या लॉगिनला विषय खरंच बदललेत का ते बघा. परीक्षेचा फॉर्म भरायला सुरू झाला की तिथं जे विषय दिसतात त्याचंच हॉल तिकीट येतं. एक पोरगा आमच्याकडं हॉल तिकिटाची प्रिंट काढायला आला तेव्हा त्याला कळलं की वर्गात तो इकॉनॉमिक्सला बसत होता आणि कागदावर सोशॉलॉजी होतं, अर्ज दिला होता म्हणाला, पोच नव्हती. परीक्षा चार दिवसांवर होती. म्हणून प्रिंट काढायची ती ॲडमिशनच्या दिवशीच काढा, विषयांच्या नावाखाली पेनानं रेघ मारा आणि घरात दाखवा.